इंधनाची म्हणून विकलेली पाण्याची पिशवी

बोटीवर जादा पेट्रोल नेण्यासाठी मऊ, गुंडाळता येणारी टाकी घेण्याचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले त्याचे दुःख ओसरले. पण बोटीच्या तळात पेट्रोल साचले होते आणि माझा धाकटा भाऊ त्याच्यापासून दोन हातांवर बसला होता, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आमची बोट लहान, मागे बाहेरून अडकवलेले आउटबोर्ड इंजिन, बसवलेली टाकी 90 लिटरची. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेले वाऱ्या-लाटांसाठी राखून, हा हिशेब मी कधी मोडत नाही. म्हणजे खर्चायला 60 लिटरच. ठरवलेली दोन दिवसांची फेरी त्यात बसेना. कडक कॅन रिकामे झाले तरी तेवढीच जागा अडवतात, म्हणून मऊ टाकी शोधू लागलो.

जाहिरातीत लिहिले होते: सागरी इंधन टाकी, 80 लिटर, आयएसओ 7840 प्रमाणित. मी विक्रेत्याला फोन करून सरळ विचारले, “पेट्रोल चालेल ना?” “अहो साहेब, त्यासाठीच तर बनवलीय.” “कशाची आहे?” “मरीन ग्रेड.” मरीन ग्रेड हे काही पदार्थाचे नाव नव्हे. पण मी पुढे खोदून विचारले नाही, कारण तो आकडा मी शोधून पाहिला होता आणि तो खरा निघाला होता. लहान बोटी, इंधन, सगळे जुळत होते. नीट वाचले असते तर कळले असते की 7840 हे आगीपुढे टिकणाऱ्या इंधनाच्या नळीचे मानक आहे. टाकीशी त्याचा संबंध नाही. सोबत दिलेल्या नळीवरचा आकडा त्याने टाकीच्या नावावर खपवला होता.

टाकीत 65 लिटर भरले. पेट्रोल उन्हाने फुगते, म्हणून वर जागा सोडली. पुढच्या डेकवर पट्ट्यांनी आवळून बांधले. एवढे पेट्रोल म्हणजे जवळजवळ 50 किलो, सैल राहिले तर लाटेसरशी सरकते. पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाला, “दादा, वास येतोय.” मी पट्टीखाली हात घातला तर पिशवी बुळबुळीत लागली. कोपऱ्याची शिवण सुटत चालली होती आणि थेंब थेंब पेट्रोल डेकच्या फटीतून तळात उतरत होते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती उडून जात नाही, तळात बसून राहते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. मी इंजिन बंद करायची सुरक्षा-दोरी ओढून ते बंद केले. त्यानंतर एकही बटण दाबले नाही, तळातले पाणी उपसणारा विजेचा पंप तर नाहीच. सगळी झाकणे उघडली. सुटलेला कोपरा वर उचलून बांधला, गळती थांबली. मग स्पंजने टिपून टिपून पेट्रोल झाकणाच्या बादलीत घेतले. समुद्रात एक थेंब ओतला नाही. वास पूर्ण जाईपर्यंत तसेच वाहत राहिलो, आणि उरलेल्या राखीव पेट्रोलवर हळूहळू परत आलो. पिशवीतले पेट्रोल इंजिनाला दिले नाही, ते पिवळट दिसत होते.

किनाऱ्यावर पिशवी उलटी केली. ‘इंधन’ लिहिलेल्या स्टिकरचा कोपरा पेट्रोलने सुटला होता. तो सोलला तर खाली छापील नळाचे चित्र होते. पाणी साठवायची पिशवी! अशा पिशव्या बहुधा मऊ पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसीला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य पेट्रोल शोषून काढते. पिशवी आधी फुगते, वाळली की ताठ होते, आणि ते द्रव्य तुमच्या इंधनात उतरते. कापलेली एक पट्टी मी उघड्यावर, झाकणाच्या बरणीत, पेट्रोलमध्ये ठेवून पाहिली. आठवड्याने काढून वाळवली तर वाकवताना तडकली. बरणीतले चार थेंब काचेवर उडू दिले, तर मागे तेलकट डाग राहिला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुम्हीच जास्त भरले असेल. मग म्हणाला, पेट्रोल नव्हे, डिझेल चालते. मी म्हटले, “मग नळाचे चित्र कशाला?” त्यानंतर फोन उचलणे बंद.

आता मी लेखी विचारतो: आतला थर कशाचा, इथेनॉल मिसळलेले पेट्रोल चालते का, आणि दाखवलेला मानक नेमका टाकीचा की नळीचा? आउटबोर्डच्या सुट्या इंधन टाक्यांसाठी आयएसओ 13591 आहे, तिथे 7840 पुढे करणाऱ्याशी मी बोलणे थांबवतो. पेट्रोल भरण्याआधी पाणी भरून रात्रभर ठेवतो आणि वजन करतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात मापही कळते.   पण माझ्या त्या पिशवीची शिवण पाण्याने सुटली नसती, हे लक्षात ठेवा. पाण्याची परीक्षा ती पास झालीच असती, म्हणून पदार्थाचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सध्या मी इंधनाचेच कडक कॅन नेतो, बोटीबाहेर जमिनीवर ठेवून भरतो आणि वर उघड्या डेकवर बांधतो. जागा जाते, जाऊ दे. ती जाहिरात मात्र काल पुन्हा पाहिली. तोच 7840, तेच शब्द, आणि आता पिशवी 150 लिटरचीही मिळते.