विहिरीतील जड धातू: गावातली फ्लुरोसंट चाचणी की प्रयोगशाळा?

चंद्रपूर, घुग्घुस, वणी, कोराडी या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आणि औष्णिक केंद्रांची राखेची तळी शेतशिवाराला लागून आहेत. इथल्या ग्रामपंचायतीला किंवा महाविद्यालयाला विहिरींचे पाणी धातूंसाठी तपासायचे असेल, तर फ्लुरोसंट शोधक रसायन (ठरावीक प्रकाश टाकल्यावर ज्याची चमक धातूमुळे बदलते असे रसायन) वापरून गावातच चाचणी घ्यावी की नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत, हे आधी ठरवावे लागते.

शोधकांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातला रेणू मुळात चमकत असतो आणि तांब्याचा किंवा लोहाचा आयन (विद्युतभारित अणू) चिकटला की त्याची चमक मंदावते. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ उतरलेले पाणी स्वतःच प्रकाश अडवते, त्यामुळे चमक धातूने घटली की गढूळपणाने, हे सांगता येत नाही. आपल्या विहिरींसाठी हा प्रकार मी सुचवणार नाही. दुसऱ्या प्रकारातला रेणू धातू मिळाल्यावरच चमकतो. तांब्यासाठी 1997 मध्ये मांडलेल्या रोडामाइन-बी या रंगद्रव्याच्या हायड्राझाइड संयुगातील अणूंचे वलय बंद असेपर्यंत द्रावण रंगहीन राहते. आयनामुळे ते उघडले की नुसत्या डोळ्यांनाही गुलाबी रंग दिसतो. पाऱ्याची गंधकाशी असलेली ओढ हेरून गंधकयुक्त रोडामाइन शोधकही तयार झाले आहेत. मात्र हे वलय आम्लातही उघडते, म्हणून आम्लधर्मी पाण्यात धातू नसतानाही रंग येऊ शकतो.

प्रयोगशाळेचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. आयएस 10500:2012 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पाऱ्याची मर्यादा 0.001 मिलिग्रॅम, कॅडमियमची 0.003 आणि शिशाची 0.01 आहे. इतक्या सूक्ष्म प्रमाणाचा निवाडा टॉर्च आणि डोळ्यांवर सोपवणे मला धोक्याचे वाटते. शिवाय शोधकाला मुख्यतः पाण्यात मोकळे असलेले आयन दिसतात, तर गाळाला चिकटलेला धातू आम्लाने विरघळवून आयसीपी-एमएस या अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर एकूण प्रमाण मोजता येते.

तपासायची विहीर एकच असेल आणि गाव तिचेच पाणी पीत असेल, तर शोधकाच्या फंदात न पडता थेट प्रयोगशाळा गाठावी. चाळीस-पन्नास विहिरींतून संशयित निवडायच्या असतील, तेव्हा धातू मिळाल्यावर चमकणारा शोधक खरा उपयोगी पडतो. परंतु रंग आलेल्या नमुन्यांबरोबर न आलेले काही नमुनेही पाठवावेत. प्रत्येक विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत घ्यावे, कारण प्रयोगशाळेसाठी नायट्रिक आम्ल घातलेले पाणी शोधकाला चालत नाही.