साठ्याचं पत्रक आणलंय का, सूनबाई?

आमच्या सीएंच्या ऑफिसला पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते ओघात येईलच. सीए मंडळींवर जाहिरातीची बंधनं असतात आणि आमचे सीए, म्हणजे काका, त्या बाबतीत फार कडक होते, म्हणून ऑफिसचं नाव लिहीत नाही. सांगलीत गणपती पेठेत पहिल्या मजल्यावर आहे. जिना उभा आहे. गुडघे दुखत असतील तर खालून फोन करा, पोरगा कागद न्यायला येतो. गाडी लावायला जागा नाही. चहा मिळतो, पण बिनसाखरेचा मागितला तरी साखरेचाच येतो.

आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान. सासरे गेल्यावर 2016 साली गल्ल्यावर मी बसले. जमा आणि नावे यातलं मला एवढंच कळत होतं, की शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला पाहिजे. काका सासऱ्यांचे दोस्त, त्यामुळे मला 'सूनबाई' म्हणायचे. मग ऑफिसातली सगळीच म्हणायला लागली. पहिल्या वर्षी मी चुकलेल्या आकड्यावर व्हाइटनर लावून वही नेली. काकांनी नखानं तो खरवडला, खालचा आकडा वाचला आणि म्हणाले, "एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही करायची. झाकलंस की खरं असलं तरी खोटं दिसतं."

दर महिन्याच्या शेवटी त्यांना साठ्याचं पत्रक लागायचं. दोनशे पानी किती, शंभर पानी किती, कंपासपेट्या किती. आम्ही बँकेचं कर्जही घेतलेलं नव्हतं, मग हे कुणासाठी, म्हणून मी कुरकुरायची. विम्याचंही तसंच. पुराचं कलम वगळलं तर हप्ता कमी बसेल असं एजंटनं सुचवलं, तर काका त्याच्यावरच घसरले. "कृष्णेच्या काठावर दुकान, आणि पूर वगळताय?"

ऑगस्ट 2019. पेठेत सगळ्यांनी माल 2005 च्या पुराच्या खुणेच्या वर चढवला आणि निर्धास्त झालो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. यावेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर वह्या फुगून मांडण्यांत अशा घट्ट बसलेल्या, की पहार घालून काढाव्या लागल्या. बिलांच्या फायलींचा लगदा झालेला. काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून आले आणि म्हणाले, "आधी फोटो, मग फेकाफेक." जुलैअखेरचं पत्रक त्यांच्या माडीवर कोरडं होतं. खरेदीची बिलं गेली होती, पण माल देणाऱ्यांनी त्यांच्या विवरणपत्रात ती दाखवलेली असतात, ती जीएसटीच्या पोर्टलवर आपल्या नावापुढे 2ए नावाच्या तक्त्यात दिसतात. तिथून काकांनी एकेक ओळ उतरवून काढली. विम्याचा दावा त्या दोन कागदांवर उभा राहिला.

मग त्यांनी वाईट बातमी दिली. माल नष्ट झाला, तर त्याच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची आधी घेतलेली वजावट परत करावी लागते. मी चिडले. माल नदीनं नेला, वर करही मीच भरू? "कलम 17, पोटकलम 5," काका म्हणाले. "माझ्या मनातलं कलम वेगळं आहे सूनबाई, पण ते पोर्टलवर चढत नाही." मात्र ती रक्कमही त्यांनी दाव्यात मांडली.

त्याच दिवसांत ते सकाळी एका शाळेत टेबल टाकून बसायचे. ज्यांची पासबुकं, रेशनकार्डं वाहून गेली त्यांचे अर्ज भरून द्यायचे. फी नाही. तशी रविवारी सकाळी एरवीही नसायचीच. एप्रिलमध्ये पेन्शनवाल्या आजी-आजोबांची रांग जिन्यावर लागायची, ठेवीच्या व्याजातून कर कापू नये म्हणून 15एच नावाचा फॉर्म भरायला. गणेश मंडळाच्या पोरांना आधी धर्मादाय कार्यालयातून वर्गणीसाठी कलम 41सी ची परवानगी काढायला लावायचे, मगच पावतीपुस्तक छापू द्यायचे. उत्सवानंतर सगळा हिशेब चौकातल्या फळ्यावर. ढोल-ताशाचा आकडा वाचून एकदा मंडळातच भांडणं लागली. काका खूश होते.

सगळंच गोड होतं असं नाही. काम संथ. रागवायचे चारचौघांत. 'थोडं ॲडजस्ट करा' म्हणणारे दोन-तीन मोठे व्यापारी त्यांना सोडून गेले. थकलेली फी मागायचीच नाही ही सवय; त्या उधाऱ्यांचा निपटारा आता त्यांची मुलगी करतेय.

काका गेल्या वर्षी मार्चअखेरीच्या तोंडावर गेले. तिसऱ्या दिवशी ऑफिस उघडं होतं, कारण 31 तारीख कुणासाठी थांबत नाही.

आता मुलगी बघते, तीही सीए. काम झटपट. फी आधी लिहून देते, विवरणपत्राची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते, चुकीबद्दल कुणी ओरडत नाही. पण जुलैत फोन उचलतच नाहीत. मी चार दिवस लावत होते, शेवटी जिना चढून गेले. रविवारची बैठकही आता महिन्यातून एकदाच. एक तारा त्याचा. तिच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं, तरीही कापलाय. महिनाअखेरीला मात्र तिचा मेसेज येतो, नमस्कार वगैरे काही नाही, फक्त 'साठ्याचं पत्रक?'

ऑफिसातलं सगळं काम टॅलीवर असलं तरी काका दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी माझ्याकडून एक लाल वही न्यायचे. मी पैसे नको म्हणायची, ते बिल मागायचे. या दिवाळीत ऑफिसचा पोरगा आला. मी वही कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली, तर तो जागचा हलेना.

"ताईंनी बिल आणायला सांगितलंय."