गणितमाळ, फासे आणि कागदी नोटा: आठ महिन्यांचा अनुभव

लेक तिसरीत गेली आणि वजाबाकीत अडली. शाळा हिंदी, घर मराठी, म्हणून आधी वाटलं भाषेचाच घोटाळा असेल. पण वही उघडली तर ३०० − १२८ चं उत्तर २२८. शून्यातून ८ जात नाहीत म्हणून तिनं आठातून शून्य काढलं होतं. दशकाच्या घरातही तेच. जुलैपासून आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास खेळांतून गणित करतोय. ग्वाल्हेरला 'लष्कर' नावाच्या भागात आमचं जुनं घर आहे. तिथे ओसरीवर ती, शेजारचा चौथीतला मुलगा, सासूबाई आणि मी बसतो.

सगळ्यात जास्त वापरली गेली ती गणितमाळ. दहा लाल मणी, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर. घरीच ओवली. शाळेत 'उनसठ' ऐकलं की ती गोंधळायची आणि घरी 'एकोणसाठ' म्हटलं की बोट साठाच्या पुढे जायचं. सासूबाईंनी साठाव्या मण्याशी कपड्यांचा चिमटा लावला. म्हणाल्या, "एकोण म्हणजे एक उणा. आता एक मणी मागे ये, बाळा." दोन दिवसांनी तिनंच येऊन सांगितलं, "आजी, उनसठमधलं 'उन' पण तेच आहे!" आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" आम्हा कुणालाच उत्तर देता आलं नाही. पण तिला असा प्रश्न पडला, याचा मला फार आनंद झाला.

वजाबाकी सुटली ती 'दुकाना'मुळे. पुठ्ठ्याच्या १००, १० आणि १ च्या नोटा कापल्या. नियम एकच: दुकानदार सुट्टे परत देणार नाही, मोड बँकेतून आणायची. बँक सासूबाईंकडे, आणि तिथे शंभराच्या फक्त दहा-दहाच्याच नोटा मिळतात. हातात शंभराच्या तीन नोटा, सामान १२८ रुपयांचं. आधी एका शंभराची मोड, मग त्यातल्या एका दहाची. समोर २ शंभर, ९ दहा, १० एक मांडले गेले. पैसे दिल्यावर १७२ उरले. 'हातचा' हा शब्द तिला पाठ होता, तो कुठून येतो हे तिनं तेव्हा पाहिलं. आता वहीत गणित करताना "शंभर मोडला, दहा मोडला" असं पुटपुटते.

दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्याच्या चढणीवरच्या चतुर्भुज मंदिरात गेलो. तिथल्या शिलालेखात, विक्रम संवत ९३३ म्हणजे इ.स. ८७६ च्या, बागेचं माप २७० हात बाय १८७ हात दिलंय आणि देवाला रोज ५० माळा द्यायच्या आहेत. २७० आणि ५० मधलं शून्य बारीक गोलासारखं कोरलेलं आहे. लेक म्हणाली, "यांच्याकडे पण एकाच्या नोटा नव्हत्या." ग्वाल्हेरात राहून मुलांना हे दाखवलं नाही तर खरंच हळहळ वाटेल.

सापशिडी आहे तशी फारशी कामाची नाही, मुलं एकेक घर मोजत जातात. आम्ही दोन फासे घेतले आणि सोंगटी हलवायच्या आधी कुठल्या घरात पोचणार ते सांगायचं ठरवलं. ३८ वर असताना ७ पडले की ४५ म्हणायचं, चुकलं तर चाल गेली. यानंतर दशक ओलांडणं सोपं झालं.

वाया गेलेले पैसेही सांगते. मोबाईलवरच्या एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली होती. त्यात बेरीज केली की चांदणी मिळते आणि मग माकड उड्या मारतं. लेक अंदाजानं बटणं दाबून चांदण्या गोळा करायची. गणिताशिवाय चाल पुढे सरकत असेल तर तो खेळ मी घेणार नाही. घड्याळ लावून स्पर्धाही केली होती. शेजारचा मुलगा सतत जिंकायचा, ही रडायची, आठवड्यात बंद केली. पाढे मात्र खेळानं आले नाहीत, ते रोज म्हणूनच पाठ झाले.

माळ, फासे, पुठ्ठा मिळून अडीचशे रुपयांच्या आत काम झालं. खरा खर्च वेळेचा आहे, मोठं माणूस सोबत बसलं नाही तर दहा मिनिटांत नोटांची विमानं होतात. सध्या चिंचोके वाटून भागाकार चाललाय. २३ चिंचोके चौघांत वाटले की ३ उरतात, आणि त्या तीन चिंचोक्यांचं काय करायचं यावर रोज वाद होतो.