स्पर प्लास्टिकचा की स्टीलचा? आरसी गाडीचे सुटे भाग घेण्याआधी

मोटर गरगर फिरते, पण गाडी जागची हलत नाही. आरसी, म्हणजे रिमोटवर धावणारी छोटी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते. मग प्रश्न पडतो, पुन्हा प्लास्टिकचेच गिअर टाकायचे की एकदाचे सगळे स्टीलचे करून मोकळं व्हायचं? १/१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या एक दशांश), टू-एस (दोन सेलच्या) बॅटरीवरच्या बग्गीसाठी माझं मत ठाम आहे: स्पर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) प्लास्टिकचा ठेवा, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि डिफमधले (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलमधले) गिअर स्टीलचे घ्या.

पण काही मागवण्याआधी नेमकं काय गेलंय ते शोधा. बॅटरी काढून गाडी उलटी करा, स्पर बोटांनी घट्ट धरा आणि मागचं एक चाक हळूहळू फिरवा. दुसरं चाक उलट दिशेला फिरलं तर डिफ शाबूत आहे. दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरली तर डिफचा मोठा गिअर किंवा त्याला फिरवणारा छोटा गिअर घासलाय. दुसरं चाक हललंच नाही तर चाक फिरवणारा शाफ्ट निसटलाय किंवा डिफच्या पोटातले दाते गेलेत. आणि हे सगळं ठीक असेल तर मोटरवरचा पिनियन बघा. त्याचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) मोटरच्या शाफ्टवरच्या सपाट भागावरच बसायला हवा. तो सैल होऊन पिनियन नुसताच फिरत असेल, तर निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावून स्क्रू आवळला की काम झालं, नवा भाग लागतच नाही.

आता स्परकडे येऊ. माझी बग्गी मुरमाच्या मैदानावर धावते. एकदा उडी घेतल्यावर हवेत थ्रॉटल सोडायचा राहिला. चाकं पूर्ण वेगात असताना गाडी जमिनीवर आली आणि खर्रर्र आवाज करत थांबली. गिअरचं झाकण उघडलं तर आत प्लास्टिकचा भुगा आणि स्परचे सलग तीन दाते सपाट. चिडून स्टीलचा स्पर बसवला. त्यानंतर तशाच एका उडीत स्परला ओरखडाही आला नाही, पण मागच्या डिफचे दाते गेले. स्पर बदलायला पंधरा मिनिटं लागतात. डिफ काढायला मागचा गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागला, संध्याकाळ गेली, आणि भागही महाग पडला.

धक्का कुठेतरी जिरणारच. प्लास्टिकचा स्पर घरातल्या फ्यूजसारखा आधी जातो आणि पुढचं सगळं वाचवतो. तो हलका असतो, त्यामुळे गाडी चटकन वेग घेते, आणि आवाजही कमी. त्याची दुखरी बाजू म्हणजे उष्णता. मोटर फार तापली किंवा गिअर एकमेकांवर घट्ट दाबून बसले की दाते मऊ पडतात. स्टीलचा स्पर तापण्याला दाद देत नाही, पण जड असतो, कर्कश वाजतो आणि प्रत्येक धक्का जसाच्या तसा पुढे ढकलतो. गाडीत स्लिपर क्लच (जोर जास्त झाला की घसरणारा क्लच) असेल आणि तो नीट लावलेला असेल, तर त्यातला थोडा धक्का तिथे जिरतो. १/८ मापाच्या बग्गीची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा मधल्या डिफवरच स्टीलचा स्पर असतो आणि पुढचे सगळे भाग त्याच ताकदीने बनवलेले असतात. तिथे मीही स्टीलच घेईन.

पिनियनबाबत मात्र दुमत नको. ॲल्युमिनियमचा पिनियन लवकर झिजतो, दाते टोकदार होतात आणि तो चांगला स्परही खाऊन टाकतो. कडक केलेल्या स्टीलचाच घ्या.

डिफचे गिअर घेताना नुसतं ‘मेटल’ या शब्दावर जाऊ नका. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव गिअरही मेटलच म्हणून विकले जातात, आणि जोराच्या धक्क्याला त्यांचे दाते तुकडा पडून जातात. लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर ते नेहमीचं स्टील नाही. चिकटला तरी लोखंडाची पूड दाबून बनवलेला गिअर असू शकतो, म्हणून वर्णनात मशीनवर कापलेलं स्टील लिहिलंय का तेही वाचा.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीच्या दात्यांमुळे. स्पर आणि पिनियनचे दाते एकाच मापाचे हवेत. व्हर्नियरने गिअरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्याला दात्यांच्या संख्येत दोन मिळवून भागा. ७० दात्यांचा स्पर ४३.२ मि.मी. भरला तर ४३.२ भागिले ७२, म्हणजे ०.६ मॉड्यूल (दात्याचं मिलिमीटरमधलं माप). उत्तर ०.५३ च्या आसपास आलं तर तो ४८ पिच (दात्याचं इंचातलं माप). हे दोन डोळ्यांना सारखे दिसतात, पण एकमेकांवर चालवले तर दाते खाल्ले जातात. ३२ पिच म्हणजे ०.७९४, तो ०.८ मॉड्यूलच्या इतका जवळ आहे की बरेच जण ते एकत्र चालवतात.

बसवताना साध्या वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घाला, मोटर स्परवर दाबून स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात्यांच्या नागमोडी घड्या उमटल्या, पण ती फाटली नाही, तर दोन गिअरमधला गाळा बरोबर आहे. स्पर पूर्ण एक फेरी फिरवून बघा, कारण प्लास्टिकचा स्पर कधीकधी किंचित वाकडा असतो आणि एका बाजूला आवळतो.

चाकांच्या शाफ्टमध्ये डॉगबोन (दोन्ही टोकांना नुसता अडकवलेला दांडा) स्वस्त आणि मागे पुरेसा. पुढच्या चाकांना मात्र सीव्हीडी (पिनने जोडलेला सांधा असलेला शाफ्ट) घ्या. चाक पूर्ण वळवल्यावर डॉगबोन थडथडतो आणि सस्पेन्शन लोंबलं की निसटतो. सीव्हीडीच्या सांध्यातली पिन सुटू नये म्हणून तिथेही थ्रेडलॉक हवा.

गाडीत बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश (साध्या कड्या) असतील तर सगळ्यात आधी तेच बदला. धुळीत चालवत असाल तर धातूच्या झाकणाऐवजी रबरी सीलचे बेअरिंग घ्या. थोडे जड फिरतात, पण मुरमाची धूळ बाहेरच राहते. बेअरिंगला गाडीच्या कंपनीचाच शिक्का लागत नाही, शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळतात. पण ५ बाय ११ (आतला आणि बाहेरचा व्यास, मि.मी.) एवढंच सांगितलंत तर दुकानदार ६८५ क्रमांकाचं काढून देईल. झाकणवालं ६८५ हे ५ मि.मी. जाड असतं. आरसी गाड्यांना बहुधा ४ मि.मी. जाडीचं लागतं, त्याचा क्रमांक एमआर ११५. जुनं बेअरिंग खिशात घालूनच जा.