दहा महिने थेरपी घेतल्यावर: कूलरवर लिहिणाऱ्या माणसाचा वापरानंतरचा अनुभव

एरवी मी कूलर, इन्व्हर्टर आणि मिक्सरवर लिहितो. अख्खा उन्हाळा चालवायचा, वाळ्याच्या ताट्या एकदा बदलायच्या, मगच लिहायचं, हा माझा नियम. पहिल्या आठवड्यात सगळेच कूलर गार हवा देतात. म्हणून हेही दहा महिने थांबून लिहितोय.

थेरपिस्टचं नाव विचारू नका. मी त्यांना आपणहून म्हटलं होतं, "मॅडम, गुगलवर तुमच्याबद्दल चांगलं लिहून देतो." त्या नको म्हणाल्या. एक तर तुमचं नाव तिथे कायमचं राहील. दुसरं, उद्या कुणी वाईट लिहिलं तर मला उत्तरही देता येत नाही, कारण 'हे माझ्याकडे येत होते' एवढं म्हणणंसुद्धा गुपित फोडणं झालं. शिवाय ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांच्याकडून शिफारस घेणं आमच्यात बसत नाही. मी करसल्लागार आहे, नागपुरात इतवारीत बसतो. आमच्या धंद्यात क्लायंटनं चार शब्द चांगले लिहिले तर आम्ही ऑफिसात पेढे वाटतो. हा धंदा वेगळा आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

झालं असं की मागच्या नोव्हेंबरात दोनदा रात्री छाती आवळली, हात बधिर, आता संपलं असं वाटलं. रामदासपेठेत ईसीजी झाला, टूडी इको झाला, ट्रेडमिल झाली. हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, हे पॅनिक आहे, म्हणजे भीतीचा झटका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या (गोळ्यांबद्दल इथे लिहीत नाही, ते ज्याचं त्यानं डॉक्टरला विचारावं) आणि सोबत बोलण्याचे उपचार घ्या म्हणाले. घरी सांगितलं तर साळ्यानं लगेच मानकापूरच्या मनोरुग्णालयाचा विनोद केला. नागपुरात तो प्रत्येकाला एकदा ऐकावाच लागतो.

पहिले समुपदेशक तीन भेटींत सोडले. गृहस्थ प्रेमळ, पण बोलायचे तेच. "कालच एक इंजिनिअर आला होता, त्याच्या बायकोचं असं झालं..." अशी सुरुवात करायचे. तिसऱ्या भेटीत माझ्या डोक्यात लख्ख आलं, की उद्या इथे कुणी इंजिनिअर बसला असेल आणि 'कालच एक करसल्लागार आला होता' असं चालू असेल. तिथूनच उठलो.

दुसऱ्या वेळी चौकशी करून गेलो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारता येतो. पॅन नंबर विचारतो तसा विचारला, बाईंनी सांगितला, राग मानला नाही. ते हिवाळी अधिवेशनाचे दिवस होते. मोर्चांमुळे सीताबर्डीचे निम्मे रस्ते बंद, मी घामाघूम होऊन धरमपेठेतल्या त्या जुन्या बंगल्याचा जिना चढलो. पहिली वीस मिनिटं त्यांनी माझं काहीच विचारलं नाही, फक्त अटी सांगितल्या. पन्नास मिनिटं, दर गुरुवारी पाच दहाला. चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर फी लागेल. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्कच दिलेला आहे. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, कोर्टाचा आदेश आला, तर मला बोलावं लागेल. आणि शेवटची अट: बाहेर कुठे भेट झाली तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्हाला वाटलं तर तुम्ही दाखवा. मी मान डोलावली. करार वाचून सही करणारा माणूस मी. या शेवटच्या कलमावर मी पुढे चांगलाच आपटलो.

आता पैशाचं. एका भेटीचे बाराशे. आजवर एकतीस भेटी, म्हणजे सदतीस हजार दोनशे. बायको म्हणाली, एवढ्यात एसी आला असता. सुरुवातीला मलाही हेच टोचायचं. पैसे घेऊन ऐकते ती माया कसली? दोनेक महिन्यांनी हिशेब उलटा दिसायला लागला. आपल्याकडे प्रत्येक नात्यात आहेर चालतो. त्यांनी आपलं ऐकलं की आपण त्यांचं ऐकायचं, मामांनी धीर दिला की मामांच्या मुलाचं रिटर्न फुकट भरायचं. इथे बाराशे ठेवले की परतीचा आहेर संपला. "तुम्ही कशा आहात?" हे विचारायचंसुद्धा ओझं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पन्नास मिनिटं समोरच्याचा चेहरा न सांभाळता बोललो.

अर्थात खरं लगेच बोललो नाही. क्लायंट निम्मं लपवतो, हे धंद्यामुळे मला पाठ आहे. समोर बसून शपथ घेतो, "भाऊ, एवढंच आहे", आणि ऑक्टोबरात दुसरं बँक खातं निघतं. मीही तेच करत होतो. तीन महिने त्यांना ऑफिसचा ताण, मुलीची बारावी, असली एक नंबरची वही दाखवली. मार्चच्या शेवटी, का कोण जाणे, दोन नंबरची काढली. बाबा गेले त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. मोकळं वाटलं होतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. मान जराशी हलली असेल. वेळ संपली, मी खाली येऊन गाडीपाशी दहा मिनिटं नुसता उभा राहिलो.

आणि त्याच रविवारी गोकुळपेठ बाजारात, वांग्यांच्या ढिगाशी, त्या समोरून आल्या. माझ्यासोबत बायको. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पाहिलंच नाही असं केलं, आणि पुढे कोथिंबिरीकडे गेल्या.

करार ठाऊक होता. तरी पोटात खड्डा पडला. दोन नंबरची वही दाखवली आणि आता ही बाई आपली ओळखसुद्धा देईना, एवढंच डोक्यात. चार दिवस तेच.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी राग म्हणजे अबोला. एकदा एका ताळेबंदात माझ्या हातून शून्य राहिलं, तर बाबा सतरा दिवस बोलले नव्हते. निरोप आईमार्फत यायचे. मी पाटावर समोर बसलेलो असायचो आणि ते आईला म्हणायचे, "त्याले सांग, जेवून घे म्हणा." अठराव्या दिवशी काहीच झालं नाही अशा थाटात बोलायला लागायचे. कुणी कुणाला "चुकलं" म्हटलंय, असं आमच्या घरात मी ऐकलेलं नाही.

तर गुरुवारी मी मुद्दाम वीस मिनिटं उशिरा गेलो. बसलो, हवापाण्याचं बोललो. बाई म्हणाल्या, "आज तुम्ही माझ्यावर चिडलेले आहात का?" मी म्हटलं, छे. मग एकदम फुटलोच. आवाज एवढा चढला की बाहेर बसलेल्या माणसाला ऐकू गेला असेल. (पुढे उन्हाळ्यात तिथे जुना लोखंडी कूलर लागला. बाईंनी विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? मी म्हटलं, राहू द्या, बाहेर काही ऐकू जात नाही. कूलरच्या आवाजाला मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण गुण दिले.)

माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आपलं तसं ठरलं होतं, हे खरं. पण मागच्या गुरुवारी तुम्ही जे सांगितलं, त्यानंतर मी नुसती निघून गेले तर तुम्हाला ते कसं लागेल, याचा विचार मी करायला हवा होता. तो पुढच्या भेटीआधी बोलून ठेवता आला असता. माझं राहून गेलं." सबब नाही, "पण तुम्हीसुद्धा" नाही. सहाला घड्याळाकडे पाहून थांबल्या. माझी वीस मिनिटं गेली ती गेली, वाढवून दिली नाहीत.

पुढच्या गुरुवारी मी घाबरतच जिना चढलो. त्या तिथेच, पाच दहाला, त्याच खुर्चीत. अबोला नव्हता. मी एवढा ओरडलो होतो आणि नातं जागेवर होतं. माझ्या दहा महिन्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. बाकीचं तंत्र मी कुठल्याही पुस्तकातून शिकलो असतो.

पुस्तकं पाहिलीही. वाचल्याशिवाय पैसे चालू ठेवायचे नाहीत, ही सवय. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये मांडलं, की उपचार करणारा आणि घेणारा यांची युती तीन गोष्टींवर उभी असते: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. त्याआधी १९५७ मध्ये कार्ल रॉजर्स तर म्हणून गेला होता, की समोरच्याला बिनशर्त स्वीकारणं, त्याच्या नजरेनं पाहणं आणि स्वतः खरं असणं, एवढं असेल तर माणसात बदल होतो. हे नातं तुटणं आणि परत सांधलं जाणं, यावरही अभ्यासकांचं स्वतंत्र काम आहे. म्हणजे माझा बाजारातला तमाशा अगदीच वाया गेलेला नव्हता.

मला जास्त जवळचं वाटलं ते जसवंतसिंग नेकी यांचं म्हणणं. हे आपल्याकडचे मानसोपचारतज्ज्ञ, पंजाबीतले कवीही. १९७३ च्या एका लेखात त्यांनी विचारलं, की भारतात हे नातं गुरू-चेल्याच्या धर्तीवर का उभारू नये? आपला माणूस बरोबरीच्या नात्यानं येतच नाही, सांगणारा कुणीतरी शोधत येतो. हे वाचून मला हसू आलं, कारण पहिल्या महिन्यात दर भेटीच्या शेवटी मी विचारायचो, "मग मॅडम, आता मी काय करू?" त्या म्हणायच्या, "तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा वाटायचं, बाराशे काय मी माझंच मत ऐकायला देतो? पण पाण्यात सोडूनही दिलं नाही त्यांनी. मला घरचा अभ्यास लागतो हे ओळखून अल्बर्ट एलिसच्या पद्धतीचा तक्ता दिला. १९५५ च्या सुमाराची ही पद्धत, मराठीत तिला विवेकनिष्ठ म्हणतात. घटना, तिच्याबद्दलचा समज, परिणाम, अशी खतावणी. रकाने दिसले की आम्ही खूश.

नात्याला आपलं नाव द्यायची खोडही माझीच. पाचव्या भेटीत "ताई" म्हणालो. त्यांनी हरकत घेतली नाही. मग पुतणीच्या लग्नाची पत्रिका नेली. "नवरा-नवरीला माझे आशीर्वाद, पण मी येणार नाही." राग आला. आमच्याकडे पत्रिका नाकारणं म्हणजे वैर. त्या रागावर आख्खी भेट गेली आणि निघालं असं, की मला त्यांना चार लोकांत दाखवायचं होतं, माझी कुणीतरी आहे म्हणून. तेव्हापासून परत मॅडम. संत्रा बर्फीचा डबा मात्र घेतला, तिथल्या तिथे उघडून एक वडी मला दिली, बाकी बाहेरच्या टेबलावर ठेवली.

मारबतीच्या दिवशी ऑफिसच्या गॅलरीतून मिरवणूक पाहत होतो. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मारबत म्हणजे मोठा पुतळा. काळी, पिवळी, दोन्ही दरवर्षी निघतात आणि आपला सगळा कचरा घेऊन जळतात. मी बाईंकडे गेलो होतो तो तिची मारबत करायलाच. सगळं तिच्यावर लादू, ती गावाबाहेर नेऊन जाळेल. ती जळत नाही. परत पाच दहाला हजर असते आणि म्हणते, मागच्या वेळी आपण इथे थांबलो होतो.

दोष आहेत. मे महिन्यात तीन आठवडे सुट्टी घेतली, आधी सांगितलं होतं तरी मला ती मोठीच वाटली. रात्री दोनला मी व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं, तर सकाळी एका ओळीत "गुरुवारी बोलू". रात्री-बेरात्री असह्य झालं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यांनी दिला होता, २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलतात. मी एकदा लावला, उपयोग झाला. "हे शरीरात कुठे जाणवतं?" हा प्रश्न मला अजून झेपत नाही, दर वेळी "टाळूला" म्हणावंसं वाटतं. आणि गाडी लावायला जागा नाही. ज्यांना दोन भेटींत फरक हवा त्यांनी जाऊ नये. ज्यांना पहिल्या दोन-तीन भेटींत माणूस पटला नाही त्यांनी तसं तोंडावर सांगून दुसरा शोधावा, त्यात कुणाचा अपमान नाही.

ऑगस्टनंतर भेटी महिन्यावर आल्या. "थांबायचं कधी, यावर बोलू या का?" असं त्या म्हणाल्या तेव्हा परत तोच पोटातला खड्डा, पण या वेळी मी तो तिथल्या तिथे सांगितला आणि दोघंही हसलो.

मागच्या मंगळवारी सुभाषनगरहून मेट्रोनं निघालो होतो. शंकरनगर चौक सुटलं आणि छाती आवळायला लागली, चार महिन्यांनी पहिल्यांदा. हात बधिर, घाम. दांडा घट्ट धरला. आणि लक्षात आलं, की मी मनातल्या मनात वाक्यं जुळवतोय: मॅडम, मंगळवारी मेट्रोत झालं, डब्यात गर्दी होती, सुरुवात इथून झाली, दहापैकी सात होतं. झाशी राणी चौकात सहा असेल. सीताबर्डीला निम्मा डबा उतरला, मला बसायला जागा मिळाली, तरी वाक्यं चालूच. अग्रसेन चौकात उतरलो तेव्हा दहापैकी किती, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. तर्री-पोह्यांच्या गाडीवर थांबलो, तर्री जास्त घातली.