बोटीचं अख्खं डिपॉझिट गेलं, तुमचं जाऊ नये म्हणून लिहितोय

ट्रिप झकास झाली हे आधीच सांगतो. आम्ही सहा जुने मित्र, ४० फुटी शिडाची बोट, आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर. वारा चांगला असला तरी बोटीचा वेग ५-६ नॉट, म्हणजे ताशी ९ ते ११ किलोमीटर, सायकलवालासुद्धा पुढे निघून जाईल, पण घाई होती कुणाला? आमच्यातल्या एकाकडे लायसन आहे म्हणून स्किपर (बोट चालवणारा कप्तान) न घेता नुसती बोट भाड्याने घेतली, याला बेअरबोट म्हणतात, आणि यात बोटीला काही झालं की डिपॉझिटमधून कापतात. ते डिपॉझिट माझ्या कार्डावर होल्ड केलेलं.

बोट ताब्यात द्यायला बोटवाल्या कंपनीचा माणूस आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. त्याने शिडं, इंजिन, नांगराची मोटर, टॉयलेटचा पंप भराभरा दाखवला आणि चार पानी फॉर्म पुढे केला. 'पाण्याखालचा भाग' समोर आधीच टिक मारलेली. विचारलं तर म्हणे डायव्हरने कालच बघितलंय, एकदम ओके. आम्ही सुट्टीच्या मूडमध्ये, केली सही.

परत आलो त्या दिवशी दुपारची फ्लाइट होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांचा डायव्हर खाली गेला, पाच मिनिटांत वर आला आणि फोटो दाखवला: कीलच्या (बोटीच्या तळाखाली उतरलेला जड पंख्यासारखा भाग) पुढच्या कडेला हातभर ओरखडा, रंग गेलेला. म्हणे तुम्ही खडकाला घासली. अहो, कील खडकाला लागली तर आतली माणसं धडपडतात, भांडी उडतात, ते सहा जणांपैकी एकालाही कळलं नाही असं होईल का? बोट पाण्याखाली जेमतेम २ मीटर, आम्ही खोलीचा अलार्म ३ मीटरला लावलेला, तो एकदाही वाजला नाही. पण टॅक्सी उभी, बॅगा बाहेर, 'आत्ता सही करा, बाकी मेलवर बोलू'. परत सही केली. (हो, दोन्ही वेळा आम्हीच.)

एअरपोर्टवर बसून फोटो झूम केला तर त्या ओरखड्याच्या आत हरभऱ्याएवढे बार्नेकल (बोटीच्या तळाला चिकटून वाढणारे कवचवाले समुद्री जीव) चिकटलेले! ते काय सात दिवसांत एवढे वाढतात? म्हणजे जखम जुनी, आणि आमच्याआधी किती जणांकडून तिचे पैसे घेतले असतील देव जाणे. मेल केला, दोन उत्तरं आली, मग शांतता.

तर बोट घेताना उजेडातच घ्या, अंधारात देत असतील तर सकाळपर्यंत सही करू नका. मास्क लावून स्वतः उडी मारा आणि कील, रडर (सुकाणू), प्रोपेलर यांचा व्हिडिओ काढा, डिंगीच्या (सोबतच्या छोट्या होडीच्या) मोटरचा पंखा पण बघा, तो तर हमखास खरचटलेला असतो. बोट घेऊन निघायच्या आधीच तो व्हिडिओ त्यांना मेल करून टाका. पाण्यात उतरू देत नसतील तर फॉर्मवर 'खालचा भाग पाहिलेला नाही' असं हाताने लिहा, मगच सही. डिपॉझिटचा वेगळा इन्शुरन्सही मिळतो, आम्ही 'कशाला उगाच' म्हणून सोडला.

बँकेत डिस्प्यूट टाकलाय. त्यांनी मागितलं काय, तर बोट घेतानाचे फोटो. सहा जणांचे मिळून हजारभर फोटो आहेत आमच्याकडे, सूर्यास्ताचे, शिडाचे, डेकवर पसरलेल्या पायांचे, पाण्याखालचा एकही नाही.