लहानपणीचं थाई रेस्टॉरंट, आता दुपारच्या बुफेसाठी: मसमान घ्या, पॅड थाई मेनूवरूनच

चिंच, नारळ, शेंगदाणे, ताडगूळ आणि वर भात. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलांना थाई जेवण पटकन आवडतं, कारण यातलं काहीच परकं नसतं. एडिसनजवळच्या स्ट्रिप मॉलमधलं हे छोटं रेस्टॉरंट त्यातलंच एक जुनं. आता तिथे सोमवार ते शुक्रवार ११:३० ते २:३० बुफे असतो, माणशी १९ डॉलर, कर आणि टिप वेगळी. जाण्यासारखा आहे, पण दार उघडताच जा. एक वाजता त्याच पैशांत निम्मंच हाती लागतं.

लहानपणी जीव ज्यावर होता ते पॅड थाई बुफेत मात्र घेऊ नका. स्वयंपाकी तोच असला तरी ट्रेमध्ये हा पदार्थ टिकत नाही. तांदळाच्या नूडल्स उकळत नाहीत. त्या साध्या पाण्यात भिजवून, थोड्या कडक असतानाच तापलेल्या वोकमध्ये टाकतात आणि चिंच, नाम प्ला (मासळीचं खारं पाणी) व ताडगुळाचा सॉस पीत त्या शिजतात. हे एका वेळी एक-दोन प्लेटचंच काम. ट्रेसाठी दहा प्लेटचा माल एकदम पडला की वोक थंड होतो आणि नूडल्स परतल्या न जाता उकडतात. पुढे वाफेवर बसून उरलेला सॉसही पितात, फुगतात, चिकटतात, चिमट्याने उचलताना तुटतात. मुगाचे मोड लिबलिबीत होतात. खायचंच असेल तर नवा ट्रे आल्यापासून पंधरा मिनिटांत घ्या, वर कच्चे मोड, शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू भरपूर.

बुफेचे पैसे वसूल होतात ते मसमान करीत. वेलची, दालचिनी, लवंग, धणे-जिरे असा खडा मसाला, त्यात बटाटा, कांदा, शेंगदाणे आणि कोंबडीच्या मांडीचे मोठे तुकडे. ही करी मंद उष्णतेवर मुरते, बिघडत नाही. छातीचे तुकडे असते तर तासाभरात चिवट झाले असते. वर तरंगणारी तांबूस तर्री पाहून नाक मुरडू नका. नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यात मसाल्याची पेस्ट परतली की अशीच तर्री येते. डबाबंद दुधात इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) असेल तर ते सहजी फुटत नाही, मग बरीच स्वयंपाकघरं ती पायरी गाळतात आणि करी कच्चट लागते. इथे गाळलेली नाही. पळी तळापर्यंत घाला, बटाटे खाली बसलेले असतात.

ग्रीन करी पहिल्या अर्ध्या तासातली. नंतर तिचा रंग खाकी होतो, थाई तुळस काळी पडते, छोटी गोल वांगी गळतात. तोम खा सूपचं दुखणं लिंबाचं: रस आच बंद केल्यावर घालायचा असतो, तासन्‌तास गरम राहिला की वास उडतो. टेबलावर ताजी फोड मागून पिळा. गवती चहाचे दांडे, गलांगलच्या (आल्यासारखा कंद) चकत्या आणि लिंबाची पानं बाजूला काढा, ती चावायची नसतात.

शाकाहारींनी इथे डोळ्यांत तेल घालून खावं. ‘टोफू करी’ अशी पाटी असली तरी करी पेस्टमध्ये बहुधा कापी (आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट) असते, भाजीत नाम प्ला किंवा ऑयस्टर सॉस. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, तिन्ही गोष्टी नावं घेऊन विचारा. स्प्रिंग रोल आणि कोळंबी एकाच तेलात तळतात का, हेही. कडक शाकाहारी असाल तर बुफे सोडा आणि सोया सॉसमधली परतलेली भाजी मेनूवरून मागवा. करीतली कापी आयत्या वेळी काढता येत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बुफे टाळाच. पळ्या या ट्रेतून त्या ट्रेत फिरतात.

अमेरिकेतल्या फूड कोडप्रमाणे गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या खाली येता कामा नये. करीतून वाफ निघत नसेल तर ती बदलायला सांगा. दुसऱ्या वाढणीला स्वच्छ प्लेट घ्या, तोही नियमच आहे.

तिखटाची चौकडी (मिरचीपूड, व्हिनेगरमधली मिरची, नाम प्ला, साखर) बुफेवर ठेवत नाहीत, पण मागितली की देतात. नक्की मागा, कारण ट्रेमधलं सगळं मुद्दाम सौम्य ठेवलेलं असतं. गोडात नारळाच्या दुधातला साबुदाणा चांगला, तळलेली केळी मात्र मऊ पडलेली. थाई चहाचे पैसे वेगळे. दोघांत एक बुफे आणि मेनूवरचं एक पॅड थाई असा बेत असेल तर बसायच्या आधी विचारा. बुफेची प्लेट दोघांत वाटून खाऊ देत नाहीत.